सुलेखाआत्याचा अंगठा

"अंगठा पुसा आणि परत ठेवा," नोंदणी कार्यालयातला कारकून पुन्हा म्हणाला.

सुलेखाआत्याने अंगठा पदराला घासला, मग जरा तेलकटपणा यावा म्हणून कपाळावरून फिरवला. वाळूजच्या एका कॅन्टीनमध्ये भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या, आणि मशीनला रेषा हव्या होत्या. आपलाच वाटा सोडून देण्यासाठी इतकी धडपड करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. शेजारी माझे वडील, अण्णा, "जरा दाबून ठेव, दाबून" म्हणत सख्ख्या बहिणीला धीर देत होते.

आमच्याकडे याला हक्कसोड म्हणतात. आजोबा गेल्यावर फुलंब्रीची जमीन अण्णांची आणि आत्याची मिळून झाली, असं कायदा सांगतो. म्हणून यंदा दिवाळीला आत्याला आग्रहाने बोलावलं, गोडधोड खाऊ घातलं, आणि दिवाळी सरताच गाडीत बसवून शहरात आणलं. बहीण सही करते, भाऊ साडी देतो आणि भावकी म्हणते, प्रेम असावं तर असं. कोर्टाची पायरी न चढता अख्खा कायदा गुंडाळून ठेवायची ही रीत इतकी गोड आहे, की तिच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही.

मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात आम्ही रोज बातम्यांवर तावातावाने बोलतो. कुणाचं घर पाडलं, कुठे जमावबंदी लावली, सरकारने नागरिकाचा कोणता हक्क हिरावला, सगळं आम्हाला तोंडपाठ. एकदा मी विचारलं, इथल्या किती जणांच्या आयांनी हक्कसोड केली आहे? निम्मा वर्ग पुस्तकं चाळू लागला. मग एकजण म्हणाला, हे परीक्षेला येत नाही.

गेल्या वर्षी संविधान दिनाला माझं भाषण झालं, स्त्री आणि समान हक्क. अध्यक्ष पहिल्या रांगेत डुलक्या घेत होते. जागे झाल्यावर त्यांनी मुलींनी पुढे यावं असा संदेश दिला. अण्णांनी मात्र उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकला. माझा भाऊ सत्यम, चौकात स्वतःचा फोटो लागल्याशिवाय ज्याला सण झाल्यासारखा वाटत नाही, त्याने 'भावी वकील' म्हणून माझा बॅनर लावला. त्यातही त्याचाच फोटो मोठा होता.

त्या भावी वकिलाला आज मुद्दाम सोबत आणलं होतं. दस्त करून देणाऱ्या बाईला आपण ओळखतो असं सांगणारे दोघे ओळखदार लागतात. एक सत्यमचा मित्र होता, दुसरी मी. शिकलेल्या माणसाची सही असली की बरं असतं, असं अण्णांचं म्हणणं.

मी सही करायला नकार दिला. अर्धी जमीन तुझी आहे, ती मागायचीसुद्धा गरज नाही, असं आत्याला सगळ्यांदेखत सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे न बघता बाहेरच्या चहावाल्याला हाक मारली. तो आधार कार्ड खिशात ठेवूनच धंदा करतो. आत्याला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, तरी त्याने तिला ओळखलं.

आत्याने मला बाकावर बसवलं.

"मला कळत नाय व्हय गं? टीव्हीवर रोज सांगत्यात. वावर घेतलं तर वावर भेटंल, पण दिवाळीला ये म्हणणारं दार बंद व्हतंय."

असलं दार काय कामाचं, मी म्हणाले.

"तुला दोन-चार असतील. मला एकच हाय."

ती उठून परत मशीनपुढे बसली. शेवटी मशीनने अंगठा घेतला. राजीखुशीने देता ना, कारकुनाने मान वर न करता विचारलं. ती हो म्हणाली. फोटोसाठी तिने पदर नीट केला.

आत्याला सोडायला आम्ही वाळूजला गेलो. तिच्या गल्लीच्या तोंडाशी ती उतरली, तेव्हा अण्णांनी खिडकीतून साडीची पिशवी पुढे केली. काठावर पैठणीसारखे मोर होते, कापड मात्र पैठणच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नव्हतं.

"साडी नको, दादा."

हा मान असतो, घ्यावाच लागतो, अण्णा म्हणाले.

"घेतली तर इकल्यावानी व्हईल. मी वावर दिलंय. इकलं नाय."

ती गल्लीत निघून गेली. अण्णांचा हात पिशवीसकट तसाच खिडकीबाहेर राहिला. सत्यमने त्यांच्या हातून पिशवी घेतली आणि मागे, माझ्या शेजारी टाकली.

"तुझ्याकडं ठेव. तुझ्या टायमाला कामी येईल."

अण्णा मोकळे होऊन हसले.

"माझी सही भेटणार नाय," मी म्हणाले.

हसणं थांबलं. सत्यमने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. आत्या बसली होती त्या जागेवर फुलंब्री येईपर्यंत पिशवी पडून होती.