घरामागची कबर

हेमोसनं बुलडोझर कचकन थांबवला. पातं जमिनीला टेकायला हातभर बाकी होतं आणि समोर, त्याच्या जुन्या घरामागं, कबर होती. पांढऱ्या गोट्यांची, लांबट, नीट रचलेली.

काल संध्याकाळी इथं काहीच नव्हतं.

कबरीला टेकून त्याची मावशी लितोक्वा फतकल मारून बसली होती. इतकी वर्षं जिथं आसऱ्याला होते त्या मजुरो बेटावरून कामगारांच्या बोटीत भांडून चढलेली म्हातारी.

"ऊठ, मावशी."

"दिसत नाही? कबरीला पातं लावायचं नाही, तुझ्या गोऱ्या साहेबानंच सांगितलंय."

"कुणाची कबर?"

"असेल कुणाची."

"मी याच घरात जन्मलो. इथं तू डुकरं बांधायचीस."

"तुला काय आठवतंय रे? नागडा हिंडायचास तू."

हेमोस खाली उतरला. अख्ख्या गावाची विषारी माती खरवडून झाली होती. तिच्या जागी पोवळ्याची खडी पसरलेली, उन्हात बघवत नव्हती. काळ्या मातीचा हा एवढाच तुकडा उरला होता.

"पुढच्या बोटीनं माझी लेक रुतीन येतेय," तो म्हणाला. "याच घरात राहणार. तिचं पोरगं रांगतंय आता. दिसेल ते तोंडात घालतं."

म्हातारीचा हात गळ्याकडे गेला. तिथं ऑपरेशनचा आडवा व्रण होता. हेमोसच्या गळ्यावरही तसाच होता. अणुबाँबच्या चाचणीची राख बेटावर पडली तेव्हा तो लहान होता. बर्फ म्हणून पोरांनी ती अंगाला फासली होती.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी राखलीय. आईची कबर समुद्रानं खाल्ली. तिच्या जमिनीतलं एवढंच उरलंय. तिकडं जन्म गेला दुसऱ्याच्या जागेत. आता मेल्यावर तुमच्या त्या खडीत पुरणार मला?"

"मावशी, पोरगं..."

"ऐकलं. बहिरी नाही मी."

इंजिन धडधडत होतं. लांबून मुकादमानं शिट्टी मारली, हेमोसनं वळूनही पाहिलं नाही.

मग म्हातारीनं एक गोटा उचलून झग्याच्या ओच्यात टाकला. मग दुसरा. तो मदतीला वाकला तर तिनं त्याच्या हातावर फटका मारला.

"जन्मात एक कबर धड रचली नाहीस. मोडायला बरा आलास!"

सगळे गोटे तिनंच उचलले. ओचा सांभाळत, गुडघ्यावर हात देत ती उभी राहिली.

"ही माती नेता कुठं?"

"उत्तरेच्या टोकाला. मोठा खड्डा आहे. वरून सिमेंट ओतणार."

"कधी?"

"काम संपलं की."

म्हातारीनं उत्तरेकडं पाहिलं. मग जरा हिशेब केल्यासारखं त्याच्याकडं.

"म्हणजे मला मरायची घाई करायला हवी," ती म्हणाली आणि पात्याच्या वाटेतून बाजूला झाली.