आखूड केलेला कोट

कपडे दुरुस्तीच्या दुकानात सकाळपासून गिऱ्हाइकांची ये-जा चालली होती. कोणाला चेन बसवून हवी, कोणाला पँट आखूड करून. मावशी खिडकीजवळच्या मशीनवर मान मोडून काम करत होती. शेजारी बसून काजं-बटणं करणाऱ्या मुलीनं मात्र आज रजा घेतली होती. ती दुपारच्या विमानानं माहेरी निघाली होती. ही ताडमाड उंच मुलगी. मावशी तिला लाडानं 'जिराफ' म्हणे.

दोघींचं नातं रक्ताचं नव्हतं. पोटच्या मुलानं वाऱ्यावर सोडलेल्या या विधवा बाईला जिराफच्या सासूनं आपल्या तळघरातली खोली दिली होती. परक्या मुलखात नव्यानं आलेल्या मुलीला बस पकडायला, कात्री धरायला आणि दुकानदारीण रागावली तर हसून वेळ मारून न्यायला मावशीनंच शिकवलं. मूल होत नाही म्हणून सासू टोचून बोलली की मुलगी तळघरात उतरे आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडे. जे आईला सांगितलं नाही, ते तिनं मावशीला सांगितलं होतं. दोष तिच्यात निघाला नव्हता, नवरा तपासणीलाच येत नव्हता.

सासूनं आपणहून माहेरपणाचं काढलं तेव्हा जिराफच्या मनात पाल चुकचुकली होती.

"एवढी कशी गं माया उतू चाललीय हिची?"

"शंकेखोर मेली!" मावशी म्हणाली. "जा, महिनाभर आईच्या हातचं आयतं खाऊन ये. मी आहे ना इथे."

त्या शब्दावर विसंबून तिनं बॅग भरली.

निघण्याआधी मावशीला भेटावं म्हणून ती दुकानात आली, तर मशीनवर तिचाच हिवाळ्याचा कोट. निळा, जाड, पहिल्या पगारातून घेतलेला.

"अय्या, माझा कोट! मला न सांगता अस्तर बदलत होतीस होय गं?" हसत तिनं तो अंगात चढवला. बाह्या मनगटाच्या कितीतरी वरच थांबल्या. "मावशी, माप चुकलं की तुझं!"

मावशीचं माप कधी चुकत नसे. घरच्या मशीनवर एवढं जाड कापड चालेना आणि आज मुलगी येणार नाही, म्हणून तिनं कोट इथे आणला होता.

"कोणाच्या मापाचा केलास?"

"तुझ्या सासूनं दिला... आखूड कर म्हणाली."

"कोणासाठी?"

मावशीनं खाली बघतच सांगितलं. "तू तिकडे पोचलीस की घटस्फोटाचे कागद धाडणार आहेत. दुसरी मुलगी बघून ठेवलीय. ठेंगणी आहे."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"सांगणारच होते गं..."

"कधी? विमान उडाल्यावर?"

"मला घराबाहेर काढलं असतं, पोरी. या वयात जाऊ कुठे?"

"दोघी मिळून गेलो असतो! सासू सुरी घेऊन आली असती तर मी ओरडले तरी असते. तू केसानं गळा कापलास, मावशी."

नको झालेली बायको पूर्वी बैलगाडीतून माहेरच्या वेशीवर सोडत, आता विमानतळावर सोडतात. आमच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी सुधारणा केली ती एवढीच!

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे नवरा तिला न्यायला आला.

"चल, उशीर होतोय."

"मी येत नाही. माझा पासपोर्ट दे."

"डोकं फिरलंय का? मावशी, काय भरवलंत हिच्या मनात?"

दुकानातली सगळी मशीनं थांबली. मावशीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मी कशाला काय भरवू? मला यातलं काही माहीत नाही, बाबा." आणि तिनं आपलं मशीन पुन्हा सुरू केलं.

जिराफला रडू कोसळलं, पण ती जागची हलली नाही. त्या देशाच्या भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत ती दुकानदारणीला म्हणाली, "हा मला घालवून देतोय. मला जायचं नाही." दुकानदारीण काउंटरमागून बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. गिऱ्हाइकं बघत होती. नवऱ्यानं पासपोर्ट टेबलावर आपटला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानदारणीनं तिला एका वकीलबाईंकडे नेलं. घराचं, पोटगीचं बोलणं झालं. ती मात्र एकच विचारत राहिली, "त्या दुसऱ्या मुलीचा पत्ता कसा मिळेल? दोष माझ्यात नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवं."

तिनं मावशीला विचारलं. मावशीनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं ओळखीच्या सगळ्या घरांत फोन केले. स्थळ जमलंय हे बहुतेकांना माहीत होतं. कोणी म्हणालं, "आपण कशाला वाईटपणा घ्या?" कोणी मध्येच फोन ठेवला. पत्ता कोणीच दिला नाही. ती अजून विचारते आहे.

वाचकहो, तुमच्या नात्यातल्या एखाद्या ठेंगण्या मुलीला नुकतंच परदेशातलं स्थळ आलं असेल, तर चौकशी करा. आणि खरं काय ते कळलं, तर तुम्ही तिला सांगाल का?