पडद्यामागचा चहा

श्रीमंगलच्या बाजारात इर्शाद अलींच्या टपरीवर काचेच्या एकाच पेल्यात पाच रंगांचा चहा मिळे. एकमेकांशी अबोला धरलेल्या भावंडांसारखे ते थर एकावर एक पडून राहत. इर्शाद अली ते एका मळक्या हिरव्या पडद्यामागे रचत, आणि त्या पडद्याआड आजवर कुणी गेले नव्हते. त्यांची मुलगी सालेहा त्याच पडद्यासमोर लहानाची मोठी झाली; नवरा परदेशी गेल्यावर माहेरी परतली, तरी गुपित तिच्यापर्यंत आले नाही. मुलगी सासरी जाते आणि गुपितही सोबत नेते, असे त्या घरात मानले जाई. पडद्याआड जाण्याचा मान तिचा भाऊ जुबेर याचाच, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

सालेहाच्या मुलीने, रुहेनाने, ते गृहीत धरले नव्हते. तिने आईच्या वडिलांना, नानांना, सरळच विचारले. नाना दाढी कुरवाळत म्हणाले, युक्ती स्वतः शोधून काढ आणि खुशाल आत ये. जुबेरमामा तेव्हा पेले विसळत होता.

"अब्बा, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज कळलं तर उद्या बाजारभर थर लागतील."

त्या बोलण्याचा सल रुहेनाच्या मनात बरेच दिवस राहिला.

वाट सापडली ती अंड्यांमुळे. सालेहा विकत घेतलेली अंडी पाण्यात सोडून पाही. तरंगले ते नासके. एके दिवशी रुहेनाने केवळ खोडी म्हणून त्या पातेल्यात मुठी भरभरून मीठ विरघळवले. झाडून सारी अंडी वर आली. सालेहाने अंडीवाल्याला अंगणात उभे करून असे फैलावर घेतले, की तो बिचारा बदली अंडी देऊन मान खाली घालून निघून गेला. रुहेना दाराआड ओढणी तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता ती थबकली. अंडी तर तीच होती. जड झाले होते ते पाणी.

मग मागच्या अंगणात, न्हाणीच्या आडोशाला, तिचे उद्योग सुरू झाले. बिटाचे पाणी, हळदीचे पाणी, उरलेला चहा. आरंभी सगळ्याचा नुसता चिखल होई. हळूहळू उमगले, की सर्वांत खारट पाणी तळाशी हवे, त्यावर कमी खारट, आणि ओतायचे ते चमच्याच्या पाठीवरून, पेल्याला जाग येऊ न देता. साखरेनेही हे साधले असते, पण साखरेच्या बरणीवर आईची नजर असे. मिठाकडे कोण बघतो?

शुक्रवारी नाना जुम्म्याच्या नमाजाला गेले, तेव्हा तिने टपरीवरच पेला रचला. तळाशी भरपूर मिठाचा काळा चहा, त्यावर बेताच्या मिठाचा दुधाचा, त्यावर चिमूटभर मिठाचा हिरवा. सगळ्यांत वर गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी. त्यात आधीच लिंबू पिळले होते आणि पाहता पाहता निळ्याचे जांभळे झाले होते. पेला पिण्यासाठी नव्हताच, नानांना दाखवण्यासाठी होता. तो फळीवर ठेवून ती बोटे धुवायला मागे गेली.

परतली तेव्हा नाना मशिदीतल्या दोन स्नेह्यांसह बाकावर बसले होते, आणि जुबेरमामा तोच पेला त्यांच्यापुढे धरून उभा होता.

"अब्बा, आज मी रचला. जांभळा थर माझ्या डोक्यातला."

रुहेनाच्या ओठांवर आलेले शब्द सांडणारच होते; इतक्यात तिला मीठ आठवले. तिने गालाची आतली बाजू दातांत धरली.

नानांनी एक घोट घेतला, मग दुसरा. दाढीचा केसही हलला नाही. त्यांनी मुलाकडे पाहिले, मग दाराशी उभ्या नातीच्या बोटांकडे. धुऊनही ती निळीच होती.

"तळाच्या थरात साखर किती घातलीस?"

"पाच चमचे, अब्बा."

"मग तो तूच पी. पहिल्या पेल्याचा तळ रचणाऱ्यानंच प्यायचा असतो."

असा रिवाज कुणी कधी ऐकला नव्हता, तरी दोन्ही स्नेह्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. जुबेरने पेला रिकामा केला. त्याचे डोळे भरून आले.

"कसा आहे?" नानांनी विचारले.

"गोड," तो कसाबसा म्हणाला.

नाना वळले. "रुहेना, तुला काही सांगायचंय?"

सगळे जिभेच्या टोकावर होते. मामाचे पाणावलेले डोळे तिच्याकडे लागले होते.

"नाही, नाना."

नानांनी क्षणभर तिला निरखले आणि पडद्याचे टोक उचलले. "मग आत ये. जुबेर, तू पाणी पी. भरपूर पी."

संध्याकाळी चुलीपाशी सालेहाने, आपण सहजच विचारतो आहोत असे दाखवत, आत काय आहे म्हणून विचारले. लहानपणापासून सांभाळलेला प्रश्न होता तो. विचारताना तिचा आवाज किंचित कापला. रुहेनाला आईचा फार कळवळा आला. तिने चुलीतले लाकूड आत सारले.

"मीठ नाही, एवढंच सांगते," ती म्हणाली.

सालेहाची नजर मिठाच्या रिकाम्या बरणीकडे गेली, आणि तिथून सावकाश अंड्यांच्या टोपलीकडे.