भिंतीला टेकलेला हात

यंदा रिले शर्यतीतला शेवटचा टप्पा धाकटीचा, हे आत्याने सांगितलं आणि थोरलीचा जळफळाट झाला. आजवर तो तिचाच होता. आत्या तलावावर पोहायला शिकवायची. भाच्या म्हणून या दोघींना सूट काही नव्हती, उलट शिट्टीचे फटकारे जास्त.

रिलेचा नियम साधा: येणारीचा हात भिंतीला टेकल्याशिवाय पुढचीने उडी मारायची नाही. त्या दुपारच्या सरावात थोरली तिसऱ्या टप्प्यावर होती. झपाझप भिंतीजवळ आली आणि बोटभर अंतरावर तिने मुद्दाम हात रोखला. ताई टेकवणारच, या भरवशावर धाकटीने उडी घेतली. शिट्टी वाजली.

"कसली घाई झाली होती?" आत्याने धाकटीला फटकारलं.

"मला वाटलं ताईचा हात टेकला."

धाकटीने तोंड फिरवून डोळे पुसले. आता जिवाला गारवा मिळेल असं थोरलीला वाटलं होतं, झालं उलटंच. ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं. हल्ली असं झालं की ती स्वतःलाच इजा करायची. त्याने सुटायचं काहीच नाही, वर लाज तेवढी वाढायची. म्हणूनच ती पोहतानाही पूर्ण बाह्यांचा पोशाख घाले आणि थंडी वाजते म्हणून सांगे.

आत्या दार वाजवून आत आली, बाकावर टेकली.

"एवढ्या उकाड्यात कसली गं थंडी? स्वतःला दुखवतेस का?"

थोरलीने होकाराची मान हलवली.

आत्या रागावली नाही. "आत्ता काय होतंय?"

"धडधडतंय. कुणीतरी मागे लागल्यासारखं."

"शरीराला तसंच वाटतंय. कुत्रं मागे लागलं की पळायला बळ गोळा होतं ना, तसं. पण पळायला जागा नाही, मग ते तुझ्यावरच उलटतं. त्याला दुसरी वाट करून देऊ. चल, तोंडावर गार पाणी मार."

थोरलीने मारलं.

"आता श्वास सोड. पाण्यात बुडबुडे सोडतेस तसा, सावकाश. हं. आता दोन्ही हातांनी ही भिंत ढकल."

"पडली तर?"

"खर्च तुझ्या बापाकडून घेईन."

थोरलीला हसू फुटलं. हळूहळू धडधड उतरली.

"पण मी अजून जळतेय तिच्यावर."

"जळ की. मत्सर कुणाला चुकलाय? फक्त त्याचा चटका स्वतःला देऊ नकोस. घरी गेल्यावर तुझ्या आईला सांगू, मी असेन बरोबर. डॉक्टरांकडेही जाऊ. हे एकटीने ओढायचं ओझं नाही."

दाराशी थोरली थबकली. "आत्या, तिची चूक नव्हती. मीच हात थांबवला."

"मग मला काय सांगतेस? तिला सांग."

तिने सांगितलं. धाकटीने नाक ओढलं. "दुष्ट आहेस, ताई."

"आहे."

पुन्हा सराव. भिंत जवळ आली, वर धाकटीचे वाकलेले गुडघे दिसले आणि हात पुन्हा रोखावासा वाटला. थोरलीने पाण्यातच लांब श्वास सोडला आणि अख्खा तळवा भिंतीवर आपटला, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. धाकटी तिच्या डोक्यावरून झेपावली.

काय झेप घेते कार्टी, थोरलीच्या मनात आलं, आणि ती पुन्हा जळली.