माझ्यासमोर नको

जवळ सरका, माउली. पंख्याखाली बसलात तर धड ऐकू येणार नाही, इकडे खांबापाशी या. महाराज यायला अजून अवकाश आहे, तोवर एका न्यायमूर्तीची कथा सांगतो. हिच्यात चमत्कार नाही, खलपुरुषही नाही. माणसं सगळी चांगली आहेत, म्हणूनच सांगताना तोंड कडू होतं.

त्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला मंडप भरला होता. मी टाळ घेऊन बद्रीनाथ महाराजांच्या मागे उभा होतो. समोर सतरंजीवर आमचा शहादेव बसला होता. हायकोर्टाचा न्यायमूर्ती, पण शाळेत माझ्याच बाकावरचा. आईबाप ऊसतोडीला गेले की मामाकडे राहून शिकलेला. गेवराईच्या कोर्टात वकिली केली, परीक्षा देऊन जिल्हा न्यायाधीश झाला, मग हायकोर्टात गेला. खुर्ची उंच होत गेली तशी त्याची माणसं कमी होत गेली. सख्खी बहीण सावित्रीबाई, तिच्या मुलाच्या लग्नालाही तो गेला नाही, कारण नवरीच्या चुलत्याचं अपील त्याच्याकडे होतं. बहिणीनं राखी पाठवणं बंद केलं. त्याची बायको, शिवकन्यावहिनी, चहा देता देता म्हणायच्या, "पावणा दारात आला की हे आधी इचारतेत, तुमची केस हाय का कुठं?"

कीर्तनाची मात्र त्याला फार भूक. गाडीत मोबाइलवर ऐकत जायचा. गावच्या सप्ताहाला कैक वर्षं आला नव्हता. त्या वर्षी राहवलं नाही. सत्कार नको, नाव घ्यायचं नाही, खाली बसून ऐकणार, एवढं बजावून आला.

गोपाळांच्या शिदोऱ्या कालवण्याचा प्रसंग रंगात आला आणि महाराज थांबले. बायकांच्या बाजूला हात करून म्हणाले, "ये माय, म्होरं ये. लाजू नको."

दगडाबाई उठली. गोदाकाठची बाई. तिचा समाधान वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. नदीपात्रातल्या मारामारीत एक माणूस गेला आणि समाधानला जन्मठेप लागली. त्याचं अपील शहादेव आणि आणखी एक न्यायमूर्ती यांच्यापुढे ऐकून संपलं होतं, निकाल तेवढा यायचा होता. तोच साहेब सप्ताहाला आलाय हे कळताच ती पहिल्या एसटीनं आली होती आणि महाराजांपुढे रडली होती.

"साहेब," महाराजांनी मनापासून हात जोडले, "काल्याचा प्रसाद समद्यांला असतो. ह्या माउलीच्या पदरात तिचं लेकरू टाका!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. लोकांनी मोबाइल वर धरले. दगडाबाईनं शहादेवच्या पायांवर डोकं ठेवलं. तो दचकून उठला, तिला कसंबसं उभं केलं आणि प्रसाद न घेताच गाडीत जाऊन बसला.

"कामून उठून गेला रे तुझा दोस्त?" रविराज सरपंचानं मला विचारलं. "एवढा मान दिला तर!"

"मोठ्या मान्साला मान पचत न्हाई," मागून कुणीतरी हसलं.

दगडाबाई तेवढी खुशीत होती. "साहेबाच्या डोळ्यात पाणी व्हतं. म्या बगितलं ना! सुटतंय माझं लेकरू."

त्याच आठवड्यात शहादेवनं त्या अपिलावर शेरा मारला, माझ्यासमोर नको. आपल्यावर कुणी बोट ठेवू शकेल असं वाटलं की न्यायाधीश एवढंच म्हणून बाजूला होतात. झालेली सुनावणी वाया गेली. अपील दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे, पुन्हा पहिल्यापासून.

दगडाबाई माझ्या दारात आली. "धुळाजीभाऊ, साहेबाला इचारा की. म्या काय चुकले? पायाच पडले ना?"

मी फोन लावला. "या केसबद्दल बोलू नकोस," म्हणून त्यानं तो ठेवला.

तारखा पडत राहिल्या. दगडाबाई दोन उन्हाळे काढून तिसऱ्यात गेली. समाधाननं पोलिसांच्या पहाऱ्यात अग्नी दिला, राख निवायच्या आत त्याला परत नेलं. वर्षभरानं तो निर्दोष सुटला.

शहादेव तोवर निवृत्त होऊन गावी आला होता. एका दुपारी ओसरीवर बसून आपणहून म्हणाला, "त्याला ओळखणारा साक्षीदार नदीच्या पलीकडच्या काठावर होता, धुळाजी. आम्हा दोघा न्यायमूर्तींचं त्याला सोडायचं ठरलं होतं. निकाल लिहून झाला होता, सह्या राहिल्या होत्या."

"मंग करायची व्हती सही!"

"लोक काय म्हणाले असते? कीर्तनात पाया पडलं की खुनी सुटतो. पोरगा निर्दोष सुटला असं कुणी मानलं नसतं. साहेबानं दया केली, म्हणाले असते."

"म्हणू द्यायचं व्हतं की, शहादेव. मायलेकरं एका ताटात जेवली असती."

"मी नियमानं वागलो रे."

"त्याला कोण न्हाई म्हणतंय?"

गेल्या वर्षीच्या सप्ताहात समाधान आला होता. काला झाला की आमच्याकडे सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठा बघत नाहीत. वाकत वाकत शहादेव त्याच्यापाशी पोचला. पायांना हात लावून उठला आणि तोंडाकडे बघून त्यानं ओळखलं. समाधानही वाकला, इतरांपुढे वाकला होता तितकाच.

"समाधान, मी..." शहादेव म्हणू लागला.

"म्होरं सरका साहेब," समाधान हळूच म्हणाला. "मागं लोक थांबलेत."

शहादेव पुढे सरकला.

आज प्रसाद हातात पडेल तेव्हा दगडाबाईची आठवण काढा, माउली. त्या दिवशी तिनं आपल्या वाटचा काला खाल्ला नव्हता. पोरगा येईल म्हणून पदराच्या गाठीत बांधून नेला होता.