सबनीसांचं पथ्य

उमाकांत सबनीस जयपूरच्या विमा कचेरीत साहेब होते. मरण सांगून येत नाही, हे लोकांना पटवण्यात त्यांची उभी हयात गेली. ते आपल्याकडेही न सांगताच येईल, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सन एकसष्टच्या हिवाळ्यात जयपूरजवळच्या चाकसू गावातल्या एका एजंटाकडे ते दालबाटी जेवले. बाट्या तुपात बुडवलेल्या, त्यावर चुरमा, चुरम्यावर आग्रहाचं आणखी तूप. परतताना जीपमध्येच छातीत कळ आली आणि डाव्या हातात उतरली.

त्यांच्या पत्नी मधुमतीबाईंनी दीड महिना त्यांना कुशीवरसुद्धा सांभाळून वळवलं. उठायची परवानगी देताना डॉक्टर माथुरांनी बजावलं, की तूप बंद, सिगरेट बंद, मीठ बेताचं, सकाळी फिरायचं आणि चिडायचं नाही. शेवटचं कलम साहेबांना बहुधा ऐकूच गेलं नाही.

मरता मरता वाचलेली माणसं देवभक्त होतात. सबनीस दुधीभक्त झाले. उकडलेला दुधी ते अशा चेहऱ्यानं खात, की बघणाऱ्याला आपण पापी आहोत असं वाटावं. वीस वर्षं "वाढताना हात आखडू नकोस" म्हणून बायकोवर डाफरणारा हा माणूस आता पाहुण्यांसमोर सांगू लागला, "हिनं तूप घालून घालून मला जवळजवळ पोचवलंच होतं!"

मधुमतीबाई स्वयंपाकघरात जाऊन दुधी जरा जोरात चिरत.

कचेरीतले कारकून साहेबांची नजर चुकवून कचोरी खायला पार चौडा रस्त्याच्या बाजारापर्यंत जाऊ लागले. घरी येणाऱ्यांना चहाऐवजी उपदेश मिळू लागला, तेव्हा येणारेही आटले.

पाडव्याला मराठी मंडळात श्रीखंडपुरीची पंगत होती. समोरच्या पानावर बँकेतले उत्तमराव होते, पोटानं सढळ आणि मनानंही. त्यांनी तिसऱ्यांदा श्रीखंड मागितलं, तसे सबनीस उभेच राहिले.

"उत्तमराव, हे श्रीखंड नाही, विष आहे विष! तुमच्या रक्तवाहिन्यांत काय साचतंय, कल्पना आहे?"

"सबनीस, माझा विमा तुमच्याकडेच आहे ना?" उत्तमराव पुरी मोडत म्हणाले. "मग काळजी तुम्ही करा. श्रीखंड मी खातो."

पंगत खो खो हसली. सबनीसांचा चेहरा लाल झाला. ते ओरडू लागले, कुणाकुणाला काय होणार आहे ते नावानिशी सांगू लागले आणि मध्येच छातीवर हात ठेवून मटकन खाली बसले. सगळ्यांचे घास हातातच राहिले. उत्तमरावांनीच त्यांना उचलून गाडीत घातलं.

डॉक्टरांनी तपासलं, कार्डिओग्राम पाहिला. नवं काही नव्हतं. चष्मा काढत ते एवढंच म्हणाले, "सबनीसजी, घी छूटा, सिगरेट छूटी. ये ग़ुस्सा कब छूटेगा?"

दोन दिवसांनी नवराबायको रामनिवास बागेत फिरायला गेली. साहेब गप्प होते. लग्नानंतर एवढा वेळ ते गप्प असल्याचं मधुमतीबाईंना आठवत नव्हतं. आधी त्यांना बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली.

"दुखतंय का?"

"नाही." थोडं चालून ते म्हणाले, "मला भीती वाटते गं. जरा गप्प बसलो, की छातीतली धडधड ऐकू येते. म्हणून बोलत सुटतो."

मधुमतीबाईंचा सगळा राग कुठे गेला, त्यांनाही कळलं नाही. पण तो असा फुकट जाऊ देणंही त्यांना बरं वाटेना.

"मग घाबरा की," त्या म्हणाल्या. "मीही घाबरतेच. पण मी दुसऱ्याच्या पानावर जाऊन ओरडत नाही. आणि तूप तुम्ही मागत होतात, मी वाढत होते. एवढं लोकांना सांगून टाका."

"सांगतो," साहेब म्हणाले. आणि खरंच सांगितलं. उत्तमरावांच्या घरी माफी मागायला गेले तेव्हा, उत्तमरावांच्या बायकोदेखत.

गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी उत्तमराव कॅनव्हासचे नवे बूट घालून बागेच्या फाटकाशी हजर. सबनीसांच्या एकाही भाषणानं ते हलले नव्हते. समोरचा माणूस कोसळलेला पाहून मात्र त्यांची रात्रीची झोप उडाली होती. आता ते रोज येतात, आणि चालताना आदल्या दिवशी काय काय खाल्लं नाही, ते सविस्तर सांगतात. साहेब निमूट ऐकून घेतात. चिडायला बंदी आहे.

मधुमतीबाई पदर खोचून दोघांच्या बऱ्याच पुढे चालतात.