छातीच्या उंचीवर

सुताराच्या घरातल्या जिन्याला कठडा नव्हता. माडीवरून खाली कारखान्यात उतरणाऱ्या त्या उघड्या जिन्याकडे सून धास्तीने बघायची, आणि नुकती चालायला लागलेली तिची लेक भिंगरी आशेने. म्हणून भिंगरीच्या कमरेला मऊ पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला.

“बाबा, विकतच्या फळ्या ठोका ना,” सून सासऱ्यांना म्हणायची.

“परसात माझा साग उभा असताना? लोक तोंडात शेण घालतील!”

हा साग सरकारी योजनेतला. रोपं सरकारने दिली, खत दिलं, ‘झाडं लावा, आम्ही पाठीशी आहोत’ अशी पाटीसुद्धा दिली. तोडायची वेळ आली तेव्हा कळलं, सरकार इतकं पाठीशी आहे की हलायलाच जागा नाही. नियम साधा होता: छातीच्या उंचीवर खोडाचा घेर पुरेसा भरला, तरच परवानगी. कुणाच्या छातीच्या, ते लिहायचं राहून गेलेलं. एवढ्या मोठ्या कारभारात एखादी छाती राहायचीच.

गेल्या वर्षी माप घ्यायला आलेले वनखात्याचे साहेब बुटके होते. “भरत आलं की हो! पुढच्या वर्षी नक्की,” म्हणाले आणि बदली होऊन गेले. यंदा आलेले साहेब दारातून वाकून आत शिरले, तेव्हाच सुनेने ओळखलं, यंदाही कठीण आहे. खोड वर निमुळतं होत जातं, हे सरकार सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.

साहेबांनी टेप गुंडाळली. जुना आकडा बघितला. पुन्हा गुंडाळली.

“आजोबा, झाड रोडावलंय तुमचं.”

“झाड?”

“घेर घटलाय. आबाळ केलीत तुम्ही. परवानगी विसरा, आता समज द्यावी लागेल. आणि प्रोत्साहन म्हणून खताचं एक पोतं.”

“साहेब, तुमची छाती जरा वर आहे,” सून म्हणाली. “थोडं खाली मापा की.”

“बाई, माझ्या छातीबद्दल तक्रार असेल तर वरिष्ठांकडे करा.”

समज लिहायला टेबल हवं, म्हणून साहेब माडीवर जाऊन बसले. सून पाणी आणायला खाली आली. पेला घेऊन वळली आणि तिथेच थिजली. पट्ट्यातून सुटलेली भिंगरी दोन्ही हात पसरून वरच्या पायरीकडे निघाली होती. हाक मारावी तर पोर दचकेल, धावावं तर तेवढा वेळ नाही.

साहेबांचा लांबलचक हात आला आणि भिंगरीचा फ्रॉक मागच्या मागे धरला. हातातलं पेन मात्र सुटलं. टक, टक, टक करत ते एकेक पायरी उतरलं आणि सुनेच्या पायाशी येऊन फुटलं.

मग साहेब भिंगरीला कवटाळून, भिंतीला पाठ घासत, एकेक पायरी चाचपत खाली आले. तसेच परसात गेले आणि सागापुढे गुडघे टेकून बसले.

“साहेब, पँट मळेल,” सासरे पुटपुटले.

“नियमात छाती लिहिलीय. उभी की बसलेली, ते लिहिलेलं नाही. टेप द्या. आणि हिचा हात काढा मधून, नाहीतर झाड अचानक सुटलं म्हणून चौकशी लागेल माझी.”

घेर भरला. पुरून उरला.

“बघा,” साहेब म्हणाले, “खत न घालताच बाळसं धरलं.”

सुनेला हसू आलं, पण डोळेच आधी भरले. “कठडा कधी होईल, बाबा?”

सासऱ्यांनी खोडावर हात फिरवला. “ओलं लाकूड, पोरी. वाळायला महिने जातील.”

आणि ते तडक आपल्या खोलीत गेले. लग्नात स्वतःच्या हाताने केलेल्या कपाटाचं दार त्यांनी बिजागऱ्यांतून उपसलं, खांद्यावर घालून माडीवर नेलं आणि जिन्याच्या तोंडाशी आडवं लावून ठोकायला बसले.

भिंगरीला कडेवर घेऊन साहेब शेजारी उभे होते आणि एकेक खिळा पुढे करत होते. सरकारी साहाय्य म्हणतात ते हेच असावं, असं सुनेला वाटलं. योजनेत कुठे नव्हतं, म्हणून वेळेवर मिळालं.